शुक्रवार, दुपारी एक

स्टोअररूमचं दार मी ढकललं ते प्रिंटरचा टोनर घ्यायला. आत दिवा लागलेला होता. रॅकच्या मागे, भिंतीलगत, जमिनीवर एक मोठा पुठ्ठा अंथरलेला होता. मॉनिटर ज्या खोक्यातून येतात तसलं एक खोकं, जोडावर उसवून सपाट केलेलं. त्यावर माझ्या टीममधला एक सहकारी बसला होता. बूट बाजूला जोडीनं ठेवलेले, पँटच्या मोऱ्या घोट्याच्या वर दुमडलेल्या, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वळवलेल्या आणि कडांना ओल्या. त्यानं मान उजवीकडे वळवली, मग डावीकडे, आणि मगच माझ्याकडे पाहिलं. नमाज त्या दोन्ही बाजूंच्या सलामानं संपते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, कोणी येतंय का ते तो बघतोय.

“सॉरी मॅडम,” तो गडबडीनं उठत म्हणाला. “झालंच होतं.”

“अरे, सॉरी कशाला? होऊ दे तुझं,” म्हणत मी टोनर न घेताच बाहेर आले.

जागेवर येऊन बसले तेव्हा मला मनातून बरं वाटत होतं. आपल्या ऑफिसात माणसाला आपला धर्म पाळता येतो, कोणी हटकत नाही, कोणी वर तक्रार करत नाही, असं काहीसं डोक्यात होतं. त्यानं पुठ्ठा उचलून रॅकच्या मागच्या फटीत ज्या सफाईनं सरकवला, ती सफाई मी पाहिली होती. रोजची सवय असल्याशिवाय ती येत नाही. पण त्या सफाईचा अर्थ काय, एवढ्या खोल्या असलेल्या इमारतीत माणसाला टोनरच्या खोक्यांमागे जागा का शोधावी लागते, आणि पकडला गेल्यासारखं ‘सॉरी’ त्याच्या तोंडून का निघतं, हे प्रश्न मला त्या दिवशी पडले नाहीत.

आठ महिन्यांनी त्यानं राजीनामा दिला. दुसरीकडे चांगली संधी होती, घराजवळ होती, मनात कुठली कटुता नव्हती. शेवटच्या दिवशी मी त्याला सगळ्यांना विचारतात तसंच विचारलं की आमच्याकडून काय राहिलं, काय वेगळं करता आलं असतं. तो थोडा थांबला. मग म्हणाला, “मॅडम, शुक्रवारची मीटिंग एक वाजता नसती तर बरं झालं असतं.”

ती मीटिंग मी सुरू केली होती. टीम माझ्याकडे आली त्या आठवड्यात कॅलेंडर उघडलं, सगळ्यांचा मोकळा असलेला चौकोन शोधला, शुक्रवारी दुपारी एक ते दोन मोकळा दिसला, तिथे नाव टाकलं आणि ‘दर आठवड्याला’ वर टिचकी मारली. त्या वेळेमागे याखेरीज कुठलंही कारण नव्हतं. आणि तो चौकोन मोकळा का होता? दुपारच्या त्या वेळेला तो दुसरं काही ठेवतच नव्हता, म्हणून. माणसानं स्वतःसाठी राखून ठेवलेली जागा मला रिकामी दिसली.

जुम्म्याची, म्हणजे शुक्रवार दुपारची, नमाज एकट्यानं कोपऱ्यात उरकायची नसते. ती जमातीसोबत, म्हणजे सगळ्यांनी एकत्र, पढायची असते आणि तिच्याआधी खुतबा, म्हणजे प्रवचन, असतं. चुकली तर त्या दिवशीची नेहमीची दुपारची, जुहरची, नमाज पढता येते, पण जुम्मा गेला तो गेला. कुराणाच्या ६२व्या सूऱ्यात याबद्दल जे सांगितलंय ते मी पुढे वाचलं आणि त्यातली व्यवहारी समज मला फार भावली. शुक्रवारच्या नमाजेची हाक आली की खरेदी-विक्री बाजूला ठेवून या, आणि नमाज झाली की पुन्हा पांगा, आपापल्या कामाला लागा. म्हणजे दिवसभराची सुट्टीही कोणी मागितलेली नाही. दुपारचा तासाभराचा वेळ, तेवढाच.

“मग तू इतके दिवस काय करत होतास?” मी विचारलं.

“महिन्यातून एखाद्या शुक्रवारी अर्धी रजा टाकायचो.”

त्या रजा मला आठवल्या. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक काम’. मीच मंजूर केल्या होत्या, प्रत्येक वेळी, लगेच, काही न विचारता. तेव्हा त्यातही मला माझा चांगुलपणाच दिसला होता. एक माणूस स्वतःच्या हक्काच्या रजा खर्चून माझ्या एका टिचकीची किंमत भरत होता, आणि पावतीवर सही माझी होती.

“एकदा बोलायचंस तरी मला.”

यावर तो जे म्हणाला ते मी जसंच्या तसं लिहिते. “मॅडम, एकदा मागितलं ना, की मग माणूस सगळ्या गोष्टींत तेच बघायला लागतो. काम राहिलं तरी त्याच्यामुळेच राहिलं असं होतं.”

धार्मिक अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदी येते. कोणी डोक्यावरचं काढायला लावलं, कोणी गळ्यातलं लपवायला लावलं, कोणी दाढीवरून घरी पाठवलं. अशा घटना होतात आणि त्यांवर न्यायालयांत भांडणंही होतात. पण मला आता वाटतं की बहुतेक कामाच्या ठिकाणी खरा फरक बंदीच्या कितीतरी अलीकडे पडतो. काही लोकांना आपल्या धर्मासाठी काहीच मागावं लागत नाही, आणि काहींना प्रत्येक गोष्ट मागावी लागते. नियम दोघांना एकच लागू असतो. एकाला तो आधीच त्याच्या अंगाच्या मापानं शिवलेला मिळालाय, दुसऱ्याला शिंप्याकडे जाऊन ‘जरा इथे सैल करा’ म्हणावं लागतं, आणि तेही सगळ्यांच्या देखत.

रविवारचंच घ्या. जगभरच्या किती कचेऱ्या रविवारी बंद असतात, आणि त्यात धर्माचा काही संबंध आहे असं कोणाच्या मनातही येत नाही. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं इसवी सन ३२१ च्या मार्च महिन्यात हुकूम काढला की सूर्याच्या पूज्य दिवशी न्यायाधीश आणि शहरातल्या लोकांनी विश्रांती घ्यावी, कारखाने बंद ठेवावेत. शेतीला मात्र मोकळीक. तिथून ख्रिस्ती उपासनेचा वार आणि सरकारी सुट्टीचा वार एकमेकांत मिसळत गेले. आज शनिवारी शब्बाथ, म्हणजे धर्मानं सांगितलेला विश्रांतीचा दिवस, पाळणारा यहुदी किंवा ॲडव्हेंटिस्ट पंथाचा ख्रिस्ती माणूस शनिवारची पाळी नको म्हणतो तेव्हा ती ‘धार्मिक मागणी’ ठरते. रविवारी चर्चला जाणाऱ्याला मागणी करावीच लागत नाही, कारण ती सतराशे वर्षांपूर्वी कोणीतरी करून ठेवली आहे. उलट बाजूनं, संयुक्त अरब अमिरातीनं २०२२ च्या जानेवारीपासून सरकारी कार्यालयांची आठवडी सुट्टी शनिवार-रविवारवर आणली, तेव्हा शुक्रवारचं काम दुपारी बारालाच संपवलं आणि जुम्म्याची वेळ देशभर सव्वाची केली. एक अख्खा देश कॅलेंडर हलवू शकतो. मला आठ जणांचा एक चौकोन हलवायचा होता.

माझा स्वतःचा धर्म कोणता, ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लपवायचं काही नाही. आमच्या ऑफिसात तो बहुसंख्यांचा आहे, एवढं सांगितलं की पुरे. जागा बदलली, देश बदलला की बहुसंख्य कोण ते बदलतं. मी उद्या कुठे दुसरीकडे नोकरीला गेले तर पुठ्ठ्यावर मी असेन. इथे मात्र माझे सण सुट्ट्यांच्या यादीत छापलेले असतात. आमच्या पद्धतीच्या शुभेच्छा सगळ्यांना जातात. नव्या मजल्यावर राहायला गेलो तेव्हा आमच्या धर्माप्रमाणे छोटासा विधी झाला आणि निमंत्रणात त्याला नुसतं ‘कार्यक्रम’ म्हटलं होतं. कार्यक्रमात आम्ही सगळे हात जोडून उभे होतो आणि दोघंजण दाराशी, आत की बाहेर ते न ठरवता आल्यासारखे. मी त्यांना हातानं ‘आत या’ अशी खूण केली होती. ती खूण आठवली की आता मला वाटतं, त्यांना आत ये म्हणण्याऐवजी मी जाऊन दाराशी उभी राहिले असते तर जास्त बरं झालं असतं.

मागण्याबद्दल बोलतेय तर २०१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला एक खटला सांगायलाच हवा, कारण तो बरोबर याच दुखऱ्या जागेवर उभा आहे. सतरा वर्षांची एक मुस्लिम मुलगी, समांथा इलाउफ, २००८ मध्ये ॲबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या साखळीत मुलाखतीला गेली, डोक्याला स्कार्फ बांधून. मुलाखत चांगली झाली, गुण नोकरी मिळण्याइतके पडले. पण कर्मचाऱ्यांनी कसं दिसावं याचे कंपनीचे नियम होते, त्यात डोक्यावर काही घालायला परवानगी नव्हती. मुलाखत घेणाऱ्या बाईंना स्कार्फ धर्मासाठी असावा असं वाटलं, त्यांनी वरिष्ठांना विचारलं, आणि मुलीला नोकरी नाकारली गेली. पुढे कंपनीचं म्हणणं असं की तिनं धर्मासाठी सवलत हवी असं आम्हाला सांगितलंच नव्हतं. ती कशी सांगणार? नियम तिला माहीत नव्हता, माहीत असलेल्यांनी तिला विचारलं नव्हतं. न्यायालयानं आठ विरुद्ध एक अशा मतांनी तिच्या बाजूचा अर्थ लावला: माणसाच्या धर्माचरणाला सांभाळून घ्यावं लागू नये हा हेतू नकारामागे असेल तर तो भेदभाव, मग मालकाला त्या आचरणाची खात्री असो वा नुसती शंका.

हा निकाल वाचताना मला तो मोकळा चौकोन पुन्हा दिसला. मला शंकासुद्धा आली नव्हती, कायद्यानं मी सुटले असते. पण बरोबर काम करणाऱ्याच्या आठवड्यात काय आहे याची शंकाही न येणं ही मी माझ्या बाजूची सबब म्हणून मांडणार नाही.

“पण मग कुठवर?” हा प्रश्न मला माझ्याच एका मैत्रिणीनं विचारला. ती मोठ्या टीमची व्यवस्था बघते. तिचं म्हणणं, एकाला वेळ दिली की दुसरा येणार, तिसरा येणार, मग काम कधी? तिचा प्रश्न खोटा नाही आणि मी तो झटकून टाकत नाही. त्याचं एक उत्तर मला एकाच निकालपत्रात, चार वेगवेगळ्या माणसांच्या गोष्टींत सापडलं. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं १५ जानेवारी २०१३ रोजी ब्रिटनमधल्या चौघांच्या तक्रारींवर एकत्र निकाल दिला. चौघंही ख्रिस्ती. त्यातल्या दोघींची तक्रार गळ्यातल्या क्रूसाबद्दल होती.

पहिल्या नादिया इवेडा. ब्रिटिश एअरवेजमध्ये चेक-इनच्या कामावर. गणवेशाच्या नियमात फेटा, हिजाब यांना जागा होती, क्रूस मात्र दिसता कामा नये. त्यांनी २००६ मध्ये तो दिसेल असा घातला आणि त्यांना बिनपगारी घरी पाठवलं गेलं. पुढच्याच वर्षी कंपनीनं नियम बदलला आणि त्या त्याच क्रूसासह कामावर परतल्या. बुडालेला पगार मात्र मिळाला नाही. न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि त्यातला एक मुद्दा मला फार नेमका वाटतो. कंपनीला नियम बदलता आला, यावरूनच आधीची मनाई तेवढी अत्यावश्यक नव्हती हे दिसतं. दुसऱ्या शर्ली चॅप्लिन, वृद्ध रुग्णांच्या वॉर्डातल्या नर्स. त्यांचाही क्रूसच, अनेक वर्षं गळ्यात असलेला. रुग्णालयाचं म्हणणं असं की गोंधळलेला रुग्ण साखळी ओढू शकतो, वाकल्यावर ती उघड्या जखमेला लागू शकते. तिथे शीख नर्सना कडं आणि कृपाण घालायला आणि इतरांना सैल लोंबणारा हिजाब घ्यायलाही मनाई होती. चॅप्लिन हरल्या, आणि माझ्या मते बरोबर हरल्या.

तेच चिन्ह, तीच श्रद्धा, निकाल दोन. फरक कुठे पडला? एकीच्या क्रूसानं कंपनीच्या कल्पनेतल्या रूपाला धक्का लागत होता, दुसरीच्या क्रूसानं समोरच्या आजारी माणसाला लागू शकत होतं. मैत्रिणीच्या ‘कुठवर’ला मी हेच सांगितलं. समोरच्या माणसाला लागेपर्यंत. ‘आम्हाला ते बघायची सवय नाही’ हे लागणं नव्हे.

उरलेल्या दोघांतल्या एक लिलियन लॅडेल, विवाहनोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकारी. ब्रिटनमध्ये २००५ पासून समलिंगी जोडप्यांच्या नागरी भागीदारीची नोंदणी सुरू झाली तेव्हा त्यांनी श्रद्धेमुळे ती करायला नकार दिला. त्या हरल्या, पण पाच विरुद्ध दोन मतांनी. त्या नोकरीला लागल्या तेव्हा हे काम अस्तित्वातच नव्हतं, हे मला विसरता येत नाही. आणि खिडकीपलीकडे हात हातात घेऊन उभ्या असलेल्या जोडप्यालाही विसरता येत नाही. सरकारच्या खिडकीवर बसलेल्या माणसानं कोणाचं काम करायचं ते निवडू नये, असं मी शेवटी मानते. पण हे मी सहज मानलेलं नाही.

खर्चाचा मुद्दा राहिलाच. अमेरिकेत १९७७ च्या हार्डिसन खटल्यात शनिवारचा शब्बाथ पाळणारा एका विमान कंपनीचा कर्मचारी हरला, आणि त्यातून पायंडा असा पडला की मालकाला नगण्यापेक्षा थोडा जरी जास्त भार पडत असला तरी तो नाही म्हणू शकतो. नगण्यापेक्षा थोडा जास्त! एवढ्याशा कारणासाठी किती जणांचे शनिवार, शुक्रवार गेले असतील. तब्बल ४६ वर्षांनी, २०२३ मध्ये, जेराल्ड ग्रॉफ या टपाल वाटणाऱ्या माणसाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ती फूटपट्टी बदलली. ग्रॉफ यांना रविवारी पार्सलं वाटायची नव्हती. आता मालकाला दाखवावं लागतं की त्याच्या व्यवसायाच्या मानानं भार खरोखर मोठा आहे. आणि न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की सहकाऱ्यांना एखादा धर्म किंवा त्याचं पाळणं आवडत नाही, हे ‘भार’ म्हणून मोजायचं नाही. रविवार आधीच मिळालेल्या जगात रविवारसाठी भांडावं लागलेला हा माणूस मला महत्त्वाचा वाटतो. बहुसंख्यांचा धर्मही कामाच्या पाळीत कधी अल्पसंख्य होऊन बसेल ते सांगता येत नाही.

युरोपात बरेच जण याला एक सरळ उत्तर देतात, कामाच्या जागी कोणाचीच खूण नको. युरोपीय संघाच्या न्यायालयानं १४ मार्च २०१७ रोजी बेल्जियममधल्या सामिरा अश्बिता यांच्या खटल्यात म्हटलं की धर्म, विचार, राजकारण यांची कुठलीही दिसणारी खूण सगळ्यांनाच सारखी मना असेल, तर तो थेट भेदभाव होत नाही. त्या एका सुरक्षा कंपनीत स्वागतकक्षात होत्या आणि स्कार्फ घालायचं म्हटल्यावर त्यांची नोकरी गेली होती. त्याच दिवशीच्या दुसऱ्या एका निकालात मात्र, ‘पुढच्या वेळी स्कार्फवाली नको’ ही ग्राहकाची इच्छा माणसाला काढायचं कारण होऊ शकत नाही, असं त्याच न्यायालयानं सांगितलं. दुसरा निकाल मला पटतो. पहिला वाचल्यावर मी बराच वेळ विचार केला आणि मला तो पटला नाही. सगळ्यांना सारखा असलेला तो नियम सगळ्यांच्या अंगाला सारखा लागत नाही. माझ्या श्रद्धेत रोज अंगावर दिसेल असं काही घालायचं बंधन नाही, त्यामुळे असा नियम उद्या आमच्याकडे आला तर मला सकाळी आरशासमोर एक क्षणही थांबावं लागणार नाही. फेटा बांधणाऱ्याला मात्र रोज सकाळी ठरवावं लागेल की आज पोट सांभाळायचं की फेटा.

आमच्याकडची बेसिनची गोष्ट अशीच. नमाजेआधी वजू करावा लागतो. तोंड, हात कोपरापर्यंत, डोक्यावरून ओला हात, आणि पाय घोट्यापर्यंत. ऑफिसच्या बेसिनमध्ये पाय उचलून धुणं सोपं नाही, पाणी सांडतं. ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी नाव न घेता लिहिलं आणि दोन दिवसांत बेसिनवर चिठ्ठी लागली, ‘येथे पाय धुऊ नयेत.’ चिठ्ठीत चूक काही नव्हतं, तोंड धुवायच्या जागी पाय नकोत हे कोणालाही पटेल. पण इमारतीत पाय धुवायचं काम पाचशे जणांपैकी कोणाला पडतं ते चिठ्ठी वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. साफसफाईच्या मावशी मला तेव्हा म्हणाल्या, “तो पोरगा तर जाताना फरशी स्वतः पुसून जातो. टिश्यूनं बेसिनसुद्धा कोरडं करतो.” मी ते ऐकलं आणि पुढे गेले. मॉपच्या बादलीसाठी खाली एक नळ आहे, त्याच्या बाजूला स्टूल ठेवलं असतं तर चिठ्ठी आणि वजू दोन्ही सुखानं नांदले असते. स्टूल ठेवायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल मी तितकीच ठाम आहे. धर्म पाळणं वेगळं आणि धर्म दुसऱ्याच्या अंगावर घालणं वेगळं. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं अठरावं कलम एकट्यानं वा समुदायात, खासगीत वा जाहीरपणे आपली श्रद्धा व्यक्त करण्याचा हक्क देतं, आणि त्याच वाक्यात धर्म किंवा श्रद्धा बदलण्याचाही. काहीच न मानणाराही त्यात येतो. ऑफिसात हे विसरलं जातं ते बहुतेकदा वरच्या खुर्चीत. माझ्या जुन्या नोकरीत आमचे विभागप्रमुख सोमवारची बैठक प्रार्थनेनं सुरू करत. माणूस मनाचा चांगला, प्रार्थनाही सुंदर. ते म्हणत, “कोणाला नको असेल त्यानं खुशाल बाहेर थांबावं, काही हरकत नाही.” तीन वर्षांत एकदाही कोणी बाहेर थांबलं नाही. आमच्यातला एक मुलगा देव मानत नव्हता, हे मला तो नोकरी सोडून गेल्यावर कळलं. वार्षिक मूल्यमापन ज्याच्या हातात आहे त्याच्या खोलीतून प्रार्थनेच्या वेळी उठून जायचं, हे कोण करेल?

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये एका बचत बँकेतली रोखपाल बाई अशी बाहेर राहिली होती. तिथे महिन्याची बैठक सक्तीची आणि तिची सुरुवात पाद्रींच्या भाषणानं आणि प्रार्थनेनं. ती निरीश्वरवादी. तिनं यायचं थांबवलं तेव्हा तिला सांगण्यात आलं की प्रार्थनेच्या वेळी कान बंद करून घेत जा. तिनं नोकरी सोडली, आणि १९७५ मध्ये अपील न्यायालयानं म्हटलं की हे तिनं आपणहून सोडणं नव्हे, हे तिला घालवणंच आहे. कान बंद करून घ्या. पुठ्ठ्यावर बसणाऱ्यानं इतर कोणाला कान बंद करायला सांगितलं नव्हतं. त्याची प्रार्थना ऐकू जाईल इतक्या जवळ टोनरच्या खोक्यांशिवाय कोणी नव्हतंच.

तो गेल्यावर महिन्याभरानं स्टोअररूमची आवराआवर निघाली. मावशींनी रॅक पुढे ओढला आणि मागच्या फटीतून तो पुठ्ठा बाहेर काढला. तो मी पहिल्यांदाच नीट, उजेडात पाहिला. एका टोकाला, थोड्या अंतरावर, दोन गोल जागा दबून गुळगुळीत झाल्या होत्या. दुसऱ्या टोकाला मधोमध एक लहान जागा, तशीच गुळगुळीत. कडेला बॉलपेननं काढलेला बारीक बाण होता. नमाजेसाठी मक्केच्या दिशेचा असणार, खोली बंद, खिडकी नाही, रोज फोनवर बघण्यापेक्षा एकदा खूण केलेली बरी.

“मॅडम, हा टाकू का रद्दीत?”

“राहू दे,” मी म्हटलं.

जागेवर आले, कॅलेंडर उघडलं, शुक्रवारचा चौकोन बोटानं धरला आणि सकाळी साडेदहावर नेऊन सोडला. ‘सर्वांना कळवायचं?’ असं खाली आलं, मी ‘हो’ म्हटलं. पाच मिनिटांत टीममधल्या सगळ्यांची संमती आली. कोणीही का म्हणून विचारलं नाही.